नकली बॅगेवर डिस्काउंट घेऊन गप्प बसू नका!



घरबसल्या सेकंडहँड डिझायनर बॅगा घ्यायच्या आणि इन्स्टाग्रामवर विकायच्या, हा धंदा करू का असं बरेच जण विचारतात. करा की! फक्त एक ध्यानात ठेवा. माल दुसऱ्याने वापरलेला आणि वर्णनही त्यानेच लिहिलेलं. 'लिहिलं एक, आलं भलतंच' हे कधी ना कधी होणारच.

तेव्हा बहुतेक जण ग्राहक मंचाच्या भरवशावर असतात. इथेच गोची आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. म्हणजे तुम्हाला ते दार बंद. पण तुमच्याकडून बॅग घेणाऱ्या ताईंना ते सताड उघडं! त्या 1915 या हेल्पलाइनवर फोन करू शकतात. शिवाय 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल वर्णनाप्रमाणे नसेल किंवा बनावट असेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. कपाट रिकामं करताना एखादी जुनी बॅग विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागत नाहीत, नेहमी धंदा करणाऱ्याला लागतात. मधल्या मध्ये अडकता ते तुम्ही.

मग तुमच्या हातात काय? मालविक्री कायदा 1930. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे त्यातलं कलम 15 सांगतं आणि ते व्यापाऱ्यालाही लागू आहे. पण वाजवी वेळेत 'माल नाकारतोय' असं कळवावं लागतं. पार्सल आठवडाभर कपाटात ठेवलं, किंवा वाद चालू असताना तीच बॅग स्वतःच्या पेजवर विकायला टाकली, तर तुम्ही माल स्वीकारला असं समोरचा म्हणणार. आणि त्याचं म्हणणं टिकूही शकतं.

म्हणून पार्सल उघडतानाच सलग व्हिडिओ काढा. लेबल, अस्तर, चेन, पट्ट्याचे टोक, आतला शिक्का, सगळं. मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र पैसे देण्याआधीच काढायचा, नंतर ती डिलीट होते. त्याच दिवशी एक मेसेज पाठवा: जाहिरातीत काय लिहिलं होतं, काय आलं, मला काय हवंय, कधीपर्यंत. शिव्या नकोत, स्टोरीवर बदनामीही नको. वाद चिघळला तर वकील हाच मेसेज पहिला मागेल.

आता तडजोडीचं. अस्तर सोलवटलंय, पट्टा नाही, वास येतोय, अशा बाबतीत दुरुस्तीचा खर्च काढून तेवढे पैसे मागा आणि विषय संपवा. पाचशे रुपयांसाठी महिनाभर डोकं फिरवून घेण्यात अर्थ नाही. पण बॅग नकली असेल तर? समोरून हमखास येतं, "ताई, दोन हजार परत करते, ठेवून घ्या ना." अजिबात घेऊ नका! नकली म्हणून माहीत असलेली बॅग अस्सल म्हणून विकलीत, तर ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 104 खाली किमान सहा महिने कैद आणि 50 हजार दंड होऊ शकतो. म्हणजे सवलतीत मिळालेली ती बॅग विकताही येत नाही. पूर्ण पैसे परत, बॅग परत, दुसरं काही नाही. क्रेडिट कार्डने पैसे दिले असतील तर बँकेकडे लगेच चार्जबॅक मागा. अनोळखी माणसाला यूपीआयने दिलेले पैसे काढणं फार जड जातं, हे व्यवहार ठरवतानाच लक्षात घ्या.

आणि हो, 'डेट कोड आहे म्हणजे अस्सल' हे ऐकून घेऊ नका. कोड नकली बॅगेवरही छापतात. लुई व्हिटॉनने 2021 मध्ये डेट कोड बंद करून मायक्रोचिप आणली. तेव्हा '2023 ची बॅग' सांगून कोणी डेट कोडचा फोटो पाठवला, तर पैसे पाठवूच नका.