कृत्रिम पावसाचं विमान तासाला किती पैसे खातं? बीडकरांनी समजून घ्यावं असं गणित

गाडी कोणतीही असो, आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? हाच प्रश्न विमानाला विचारून बघू. किंग एअर सी-90 हे दोन इंजिनांचं छोटं टर्बोप्रॉप विमान तासाला साधारण 300 ते 350 लिटर इंधन पितं आणि तेवढ्या वेळात 400 किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे लिटरला जेमतेम सव्वा किलोमीटर!

बीडमध्ये धावपट्टी नाही, मग हे गणित आपल्याला कशाला? कारण 2015 आणि 2019 मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पाऊस पाडायला सरकारने किंग एअर जातीचंच विमान आणलं होतं. त्याचा तळ होता औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. 2019 साली राज्य मंत्रिमंडळाने या कामासाठी 30 कोटी रुपये मंजूर केले होते. पुन्हा दुष्काळ पडला की ही मागणी पुन्हा होणार. तेव्हा पैसे नेमके कशावर जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

टर्बोप्रॉप म्हणजे काय?

आत जेट इंजिनासारखं टर्बाइन असतं, पण त्याची ताकद पुढचा पंखा फिरवायला वापरली जाते. अशी विमानं जेटपेक्षा हळू उडतात, पण कमी उंचीवर इंधन वाचवतात आणि छोट्या धावपट्टीवरही उतरतात. ढगाभोवती तासन्‌तास घिरट्या घालायच्या असतील तर हेच सोयीचं.

घ्यायला किती?

नवं किंग एअर 260 घ्यायचं तर साधारण 70 लाख डॉलर, म्हणजे 60 कोटी रुपयांच्या पुढे. त्यावर कर वेगळा. 22 सप्टेंबर 2025 पासून स्वतःच्या वापरासाठीच्या विमानावर 40 टक्के जीएसटी लागतो. त्याआधी 28 टक्के जीएसटी आणि 3 टक्के सेस होता. व्यावसायिक कामासाठी घेतलेल्या विमानावर मात्र 5 टक्केच. म्हणून हौशी मालक कमी आणि भाड्याने विमान देणाऱ्या कंपन्या जास्त दिसतात.

खरा खर्च उभ्या विमानाचा

मोबाइलचं 28 दिवसांचं रिचार्ज मारलं आणि फोन कपाटात ठेवला, तरी 28 दिवसांनी पॅक संपतोच. विमानाचंही तसंच आहे. दोन वैमानिक, इंजिनिअर, विमा, हँगर, वैमानिकांचं ठरावीक प्रशिक्षण आणि कॅलेंडरप्रमाणे येणाऱ्या तपासण्या, हे सगळं विमान न उडताही भरावं लागतं.

उडाल्यावरचा खर्च वेगळा. लिटरला 90 रुपये धरले तर तासाला सुमारे 30 हजारांचं इंधन. हे इंधन जीएसटीमध्ये येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यानंतर इंजिन. किंग एअरच्या पीटी6 इंजिनांना साधारण 3,600 तासांनंतर पूर्ण उघडून दुरुस्त करावं लागतं. एका इंजिनाचे 3 कोटी धरा. दोन्ही इंजिनांसाठी दर तासाला 16-17 हजार रुपये बाजूला टाकावे लागतात. किरकोळ दुरुस्ती, सुटे भाग आणि विमानतळाचं शुल्क मिळून ताशी 80 हजार पकडू.

आता समजा, न उडताही होणारा वार्षिक खर्च 3 कोटी आहे. हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय, आणि विमानाचा हप्ता यात धरलेला नाही.

- वर्षात 300 तास उडालं: 1 लाख + 80 हजार = ताशी 1 लाख 80 हजार
- वर्षात 100 तास उडालं: 3 लाख + 80 हजार = ताशी 3 लाख 80 हजार

विमान तेच, वैमानिक तेच. उड्डाण कमी झालं आणि तासाचा भाव दुपटीच्या वर गेला!

आता हे ढगांना लावून बघा

कृत्रिम पावसाचं विमान ढग तयार करत नाही. आधीच असलेल्या योग्य ढगात ते मिठासारखे कण किंवा सिल्व्हर आयोडाइड सोडतं. योग्य ढग आलाच नाही तर विमान उभं, आणि मीटर मात्र चालू.

इथेच वेळेचा मुद्दा येतो. 2019 मध्ये मंजुरी मे महिन्यात मिळाली, प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाले ऑगस्टमध्ये. 2015 मध्येही सुरुवात ऑगस्टचीच. तोवर जून-जुलैचे ढग निघून गेले होते आणि पेरणीचा काळही उलटला होता.

मग हा सगळा प्रकार फुकट आहे का? तसंही नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने 2017 ते 2019 दरम्यान सोलापूर भागात शास्त्रीय प्रयोग केला आणि 276 ढगांचा अभ्यास केला. सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या भागात पाऊस साधारण 18 टक्के वाढल्याचं दिसलं आणि पाण्याचा खर्च निघाला लिटरला 18 पैसे. या हिशेबाने 10 हजार लिटरच्या टँकरएवढं पाणी 1,800 रुपयांना पडतं. देशी विमान वापरलं तर हा खर्च निम्म्याहून कमी होऊ शकतो, असंही त्यात म्हटलंय. यावरूनच कळतं की मोठा वाटा विमानाचा आहे.

पण टँकर तुमच्या गल्लीत रिकामा होतो, हा पाऊस मात्र शेत, डोंगर, रस्ता सगळीकडे पडतो. शिवाय ही वाढ योग्य ढग सापडले तेव्हाची आहे. कोरड्या आभाळाच्या 18 टक्के म्हणजे शून्यच.

पुढच्या वेळी काय विचाराल?

विमान येणार अशी बातमी आली की फक्त कोटींचा आकडा पाहू नका. हे तीन प्रश्न विचारा:

1. करार जूनच्या आधी झाला का?
2. विमान किती दिवस उभं होतं आणि किती तास उडालं?
3. किती ढगांत फवारणी झाली आणि त्याखाली किती पाऊस मोजला गेला?

माहिती अधिकारात हे विचारता येतं, आणि राज्य सरकारचा अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो. पॅक आपल्या पैशातून मारलाय, तर किती वापरला हे बघण्याचा हक्कही आपलाच आहे.