केदारनाथला जाताना घाई नको

चारधाम यात्रेला आपल्याकडची बरीच मंडळी जातात. त्यात केदारनाथची चढण दमवणारी. गौरीकुंड सुमारे ६,५०० फुटांवर, तर मंदिर सुमारे ११,७५० फुटांवर. मधली १६ किलोमीटरची वाट कशीबशी उरकून त्याच दिवशी परत फिरायचे, असा काहींचा हट्ट असतो. आमच्या मते त्यात ना प्रकृतीचे भले, ना यात्रेचे समाधान.

उंचीवर हवा विरळ असते. प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून निदान एक रात्र गौरीकुंडला मुक्काम करावा. डोके दुखू लागले, मळमळले तर आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर ताबडतोब खाली उतरावे. हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. शरीराला सवय व्हायला त्यांना वेळच मिळत नाही. रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जून २०१३ च्या महापुरात उत्तराखंडात हजारोंचे प्राण गेले, हे विसरू नये. हवामान बिघडले की थांबावे, थकलेल्या खेचराला मारू देऊ नये, प्लास्टिकचा कचरा आपल्याबरोबर परत आणावा. दर्शनावाचून परतावे लागले तरी यात्रा वाया गेली असे समजू नये. मनःशांतीसाठीच जायचे, तर चालणेही शांतपणेच हवे.