डबा पुन्हा उघडला

गेल्या वर्षी या सदरात कढीपत्ता थंडीसाठी घरात कधी आणायचा ते लिहिलं होतं. त्यावर पुण्याहून एका आजींचा निरोप आला : "कढीपत्त्याचं राहू दे, तुमचा तो फिशपॉन्डचा डबा कुठे गेला?" आजी २०१८ मध्ये मुलाकडे इंग्लंडला आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या नावाचीही एक चिठ्ठी निघाली होती. ती त्यांनी म्हणे अजून पाकिटात ठेवली आहे.

फिशपॉन्ड म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कॉलेज केलेल्यांना सांगायला नको. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगते. गॅदरिंगच्या आधी एक खोका ठेवतात. कोणीही कोणाच्याही नावाने त्यात निनावी चिठ्ठी टाकायची. कार्यक्रमात निवेदक ती मोठ्याने वाचतो आणि जिच्या नावाची चिठ्ठी तिने उभं राहून सगळ्यांबरोबर हसायचं. यालाच शेलापागोटे असंही म्हणतात. शेला आणि पागोटं ही खरं तर मानाची वस्त्रं. टोमण्याला हे नाव ज्याने दिलं त्याला खेळ कळला होता.

साताऱ्याला शाळेत शिकवत होते तेव्हा या चिठ्ठ्या चाळायचं काम माझ्याकडे असायचं. रंग, वजन, मार्क, वडिलांची नोकरी, यांवरचं काही सापडलं की मी तिथल्या तिथे फाडून टाकायचे. त्यामुळे पुढचं सांगताना मला जास्तच लाज वाटते.

आमच्या मंडळाचा बागकाम गट साधासुधा. काहींकडे अलॉटमेंट आहे, म्हणजे वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. बाकीच्यांकडे घरामागची चार पावलं जागा किंवा नुसत्या खिडकीतल्या कुंड्या. सप्टेंबरच्या शेवटी, थंडीच्या आधी, सगळे आपापली भाजी घेऊन एकत्र जेवतात आणि जेवणानंतर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायचा. कोथिंबीर पेरून तण वाढवणाऱ्या एका वहिनींना मिळालेली ही चिठ्ठी :

कोथिंबीर पेरली, गवत उगवलं,
तेच चिरून वहिनींनी पोह्यांवर भुरभुरवलं!

२०१९ नंतर डबा बंद झाला. कोविडमुळे, असं सगळे म्हणतात. २०२० चं कारण कोविडच होतं. पण २०२१ मध्ये आम्ही पुन्हा जेवायला जमलो, २०२२ लाही जमलो, आणि डब्याचं नाव कोणी काढलं नाही.

२०१९ च्या डब्यात आमच्या एका मैत्रिणीच्या नावाची चिठ्ठी होती. तिने तीनदा कढीपत्ता लावला आणि तीनदा तो गेला. त्यावर दोन ओळी होत्या, बी बदललं, माती बदलली, पण हिच्याकडे काही रुजतच नाही, अशा अर्थाच्या. हशा झाला. ती उभी राहिली, हसली, बसली. नंतर चहाला थांबली नाही. दोन महिन्यांनी कळलं की त्याच उन्हाळ्यात तिचा गर्भपात झाला होता, दुसऱ्यांदा.

ती चिठ्ठी मी लिहिली होती.

मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ते मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. निनावी खेळाची हीच सोय असते. ती हळूहळू यायची थांबली आणि आम्ही सगळ्यांनी कोविडच्या नावावर डबा माळ्यावर टाकला.

आजींचा निरोप आला तेव्हा मी तिला फोन केला. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, दुसऱ्याला अडखळले. ती म्हणाली, "बाई, मला त्याच दिवशी कळलं होतं. फळ्यावरचं अक्षर तुमचं, ते लपतंय होय?" मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, की चिठ्ठीपेक्षा तिला जास्त लागलं ते नंतर कोणीच काही न विचारणं. चेष्टा करायला सगळे होते, चौकशीला कोणी नव्हतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मी शोधलंही नाही.

डबा उघडायची कल्पना मात्र तिचीच. अट एक : चिठ्ठ्या आधी ती चाळणार. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांनी छापील अक्षरात द्यायच्या, हेही तिनेच सुचवलं आणि माझ्याकडे बघून सुचवलं. एका काकांनी कुरकुर केली, "चाळून वाचायचं तर मजा काय?" त्यांच्याच नावाची पहिली चिठ्ठी निघाली. गोगलगाईंनी कोबी खाऊ नये म्हणून इथे वाडग्यात बिअर ओतून वाफ्यात ठेवतात, हे माहीत असेल तर ती कळेल :

काकांच्या वाफ्यात गोगलगाई दोन,
बिअरचे डबे सहा, पितंय तरी कोण?

काकू सगळ्यांत मोठ्याने हसल्या, त्यावरून चिठ्ठी कोणाची ते आम्ही ओळखलं.

एकंदर एकतीस चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या तीन तिने बाजूला काढल्या आणि कोणाच्या ते विचारलं तर सांगितलं नाही. मुलांनी इंग्रजी लिपीत मराठी लिहिलं होतं, ते वाचताना निवेदकाची जी त्रेधा उडाली तोच एक वेगळा कार्यक्रम झाला. माझ्या नावाची एकच होती. मिरचीची रोपं मी फेब्रुवारीत खिडकीत लावते आणि मे महिन्यात हवेची सवय व्हावी म्हणून दिवसा बाहेर ठेवते, रात्री आत घेते. त्यावर :

बाई रोपांचीही हजेरी घेतात,
उशिरा उगवलेल्या मिरचीला वर्गाबाहेर उभं करतात!

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवला. तिने एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं आहे. डबा आता तिच्याकडेच असतो. आणि पुण्याच्या आजींना कळवते : पोस्टाने चिठ्ठी पाठवलीत तरी चालेल, पण ऑगस्टच्या आत. आणि छापील अक्षरात.