साडेएकोणीस वर्षांची अट अन् दाखल्यावरची 1 जून

हिंगोली : पहाटे पाचला सेनगाव, कळमनुरी, वसमतच्या कुठल्याही रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला अग्निवीर, कुणाला हिंगोलीतल्याच राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक 12 मध्ये लागायचंय. लेफ्टनंट व्हायचंय म्हणून तयारी करणारा मात्र शोधावा लागतो. निजामाच्या काळी हिंगोलीत फौजेची छावणी होती, रिसाला बाजार हे नाव अजून त्याची आठवण देतं. तरी ही परिस्थिती.

पोरं कमी पडतात असं नाही. घोळ वयाच्या हिशेबात आहे. भरतीची तयारी बहुतेक घरांत बारावीनंतर सुरू होते. अधिकारी होण्याचं पहिलं दार तोवर अर्धं लागलेलं असतं.

हे दार म्हणजे खडकवासल्याची एनडीए. यूपीएससी तिची परीक्षा वर्षातून दोनदा घेते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस हवं, लग्न झालेलं नको. बारावीत शिकणाराही फॉर्म भरू शकतो. जातीनुसार वयात सूट अजिबात नाही. एमपीएससीत मागास प्रवर्गाला मिळणारी जादा वर्षं डोक्यात धरून बसलेले इथं फसतात.

आता दाखल्याचा प्रश्न. गावाकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख टाकून देणं पूर्वी सर्रास चालायचं, अजूनही असे दाखले निघतात. समजा पोरगा खरा जन्मला ऑगस्ट 2008 मध्ये, दाखल्यावर आहे 1 जून 2008. मार्च 2026 मध्ये तो बारावी देतो. त्याला सप्टेंबर 2025, एप्रिल 2026 आणि सप्टेंबर 2026 अशा तीन परीक्षा मिळतात. एप्रिल 2027 च्या परीक्षेचा कोर्स जानेवारी 2028 चा. त्या दिवशी दाखल्याप्रमाणं वय साडेएकोणीसच्या एक महिना पुढं गेलेलं. खऱ्या तारखेनं चौथी संधी मिळाली असती! यूपीएससी दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख धरते, नंतर बदल ऐकत नाही. म्हणून ग्रामपंचायतीतली जन्मनोंद काढून दुरुस्ती करायची तर दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी.

दुसरी अडचण गणिताची. "भरतीच मारायची तर आर्ट्स बरं" असं म्हणून पोरं अकरावीला गणित सोडतात. लष्करासाठी कुठलीही शाखा चालते हे खरं, पण 900 पैकी 300 गुणांचा पेपर गणिताचाच असतो. हवाई दल आणि नौदलाला तर बारावीत भौतिकशास्त्र, गणित लागतंच. पेपर इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही. लेखी निघाली की पाच दिवसांची एसएसबी मुलाखत, तिचेही 900 गुण.

या तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरात 1977 पासून आहे. अकरावी-बारावी तिथंच राहून करता येते. पण तिचा अर्ज दहावीत असतानाच भरायचा असतो. निकाल लागल्यावर जूनमध्ये चौकशीला जाणाऱ्या पालकाला हात हलवत परत यावं लागतं. मुलींसाठी अशीच संस्था 2023 मध्ये नाशिकला निघाली. एनडीएत मुली घेतात हेच अजून कित्येक घरांना माहीत नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2021 च्या आदेशानंतर दार उघडलं, आणि 30 मे 2025 ला पहिल्या 17 मुली खडकवासल्यातून बाहेर पडल्या.

एनडीए हुकली तर पदवीनंतर सीडीएस आहे. डेहराडूनच्या आयएमएसाठी कोर्स सुरू होताना वय 19 ते 24, चेन्नईच्या ओटीएसाठी 19 ते 25. कॉलेजात एनसीसीचं सी प्रमाणपत्र काढलेल्याला लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीचाही मार्ग असतो. नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात सीडीएस आणि एसएसबीची तयारी राहणं-जेवणासह मोफत होते. त्याच्या जाहिराती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून निघतात, पण पेपरच्या कोपऱ्यात छापून येतात अन् तिथंच राहतात.

शिपाई म्हणून लागलेल्यांनाही आर्मी कॅडेट कॉलेजातून अधिकारी होता येतं. त्यासाठी बारावी पास, किमान 2 वर्षं नोकरी आणि वय 20 ते 27 असावं लागतं.