काळा कडबा चालेल, बुरशीचा नाही : बेंबळी परिसरात हिवाळ्याच्या वैरणीचा हिशेब

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात धाराशिव जिल्ह्याच्या बातम्या परंडा आणि भूमकडून येत होत्या. सीना नदीच्या पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पंचनामे झाले ते मुख्यतः पिकांचे, जमिनीचे, घरांचे आणि दगावलेल्या जनावरांचे. तुमच्या गंजीच्या पोटात कडब्याला बुरशी लागली असेल, तर ती बाहेरून कुणालाच दिसली नाही. ती आता, ऐन थंडीत, पेंढी ओढल्यावर दिसते.

यंदाची अडचण समजून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेल्या ज्वारीचा कडबा बहुतेकांनी मे महिन्याच्या शेवटी झाकायचा म्हणून ठेवला होता. पण मे २०२५ मध्येच अवकाळी पाऊस जोरात झाला आणि मॉन्सूनही लवकर आला. उघड्या गंजी तेव्हा एकदा भिजल्या, सप्टेंबरमध्ये पुन्हा भिजल्या. सोयाबीन पाण्यात राहिल्याने त्याचे भुसकटही ओलसर निघाले. नवा कडबा हाती येईल तो फेब्रुवारीनंतर, आणि वाफसा उशिरा मिळाल्याने ज्यांची ज्वारी उशिरा पेरली गेली त्यांना आणखी थांबावे लागेल. त्यात बेंबळीसारख्या गावांत खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा वाढत गेला, तशी ज्वारी मागे पडली. काढणीला माणसे मिळत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. पण ज्वारी गेली की कडबाही जातो, आणि विकतचा कडबा किती महाग पडतो हे ३१ ऑक्टोबर २०२३ ला धाराशिव, वाशी, लोहारा तालुके दुष्काळी जाहीर झाले त्या वर्षी आपण पाहिले आहे. म्हणून घरात जो आहे तो नीट ओळखणे आणि योग्य जनावरापुढे टाकणे, एवढेच सध्या आपल्या हातात आहे.

गंज उघडल्यावर काय पाहाल

पावसाने नुसता काळसर पडलेला कडबा आणि बुरशी आलेला कडबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडे दोन्हींना ‘खराब’ म्हणतात आणि तिथेच चूक होते.

काळा पडलेला, पण कोरडा, कांडे मोडल्यावर कट्ट आवाज येणारा आणि कुबट वास नसलेला कडबा खाऊ घालता येतो. पावसाने त्यातले विरघळणारे अन्नघटक धुतले गेलेले असतात, चव कमी झालेली असते, पण तो विषारी नसतो. बुरशीचा कडबा वेगळा. पेंढी झटकली की पांढरी-करडी धूळ उडते, पाने एकमेकांना चिकटलेली असतात, कांड्याच्या आत काळे-गुलाबी डाग दिसतात, वास नाकाला झोंबतो. असा कडबा उन्हात वाळवून, झटकून घालण्याची रीत अनेक घरांत आहे. उन्हाने ओल जाते, बुरशीने तयार केलेले विष जात नाही. गाभण जनावर गाभडणे, दूध घटणे, भूक मंदावणे, हे सगळे त्यातून होऊ शकते. अफ्लाटॉक्सिनचा अंश तर दुधातही उतरतो. शेळीलाही असे बुरशीचे भुसकट ‘ती काहीही खाते’ म्हणून टाकू नका. उस्मानाबादी शेळी काटक आहे, पण तिचे यकृत काही लोखंडाचे नाही.

वरवर चांगल्या दिसणाऱ्या कडब्यात ओल आहे का, हे घरच्या घरी कळते. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर बारीक कुट्टी आणि चमचाभर कोरडे मीठ घाला, झाकण लावून चांगले हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ बरणीला किंवा एकमेकांना चिकटले, तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे असे समजा. ती गंज मोडून पसरा. गंज आतून तापते आहे अशी शंका असेल तर लोखंडी पहार मध्यापर्यंत खुपसा आणि पंधरा मिनिटांनी ओढा. हात ठेववत नसेल इतकी गरम निघाली तर त्याच दिवशी गंज उघडा, जवळ पाण्याची सोय ठेवून. ओली वैरण आपोआप पेट घेऊ शकते.

बाहेरचा एक फूट

अमेरिकेतले पशुपालक वाळलेल्या गवताचे मोठे गोल गठ्ठे शेतातच ठेवतात. तिथला विस्तार विभाग त्यांना एक हिशेब दाखवतो : पाच फूट व्यासाच्या गठ्ठ्यात बाहेरच्या फक्त सहा इंचांत एक तृतीयांश गवत असते. हाच हिशेब आपल्या गंजीला लावा. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच गंज धरा. वरचा आणि चारी बाजूंचा एकेक फूट वजा केला तर आत ६५ टक्केच माल उरतो. म्हणजे ‘वरचे थोडे भिजले’ म्हणताना आपण गंजीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच्या मालाविषयी बोलत असतो. खालून ओल लागली ती वेगळीच.

त्यामुळे पुढची गंज रचताना जागा उंचवट्याची घ्या. खाली दगड आणि त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर द्या. पेंढ्यांचे बुडखे बाहेर, शेंडे आत ठेवा. माथा घराच्या आढ्यासारखा उतरता करा. सपाट माथ्यावर ताडपत्री टाकली तरी पाणी साचतेच. ताडपत्री एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणून ठेवा, मेच्या शेवटी नव्हे. मात्र ओलसर गंजीवर ती आवळून बांधू नका, आतली वाफ तिथेच पाणी होऊन परत कडब्यावर पडते. विजेच्या तारांपासून गंज लांब हवी, हे वेगळे सांगायला नको.

कोणाला काय घालाल

आधी मोजा. दहा पेंढ्या काट्यावर तोला, सरासरी काढा, उरलेल्या पेंढ्यांशी गुणा. ४०० किलोच्या जनावराला रोज साधारण दहा किलो कोरडी वैरण-खुराक लागतो; त्यात सहा किलो कडबा धरला तर चार महिन्यांना सव्वासात क्विंटल होतात. हा आकडा तुमच्या दावणीतल्या जनावरांशी पडताळून पाहा. कमी पडणार असेल तर आत्ताच खरेदीचे ठरवा, मार्चमध्ये नव्हे.

चांगला, हिरवट झाक असलेला कडबा गाभण आणि दुभत्या जनावरांना द्या. काळसर पण निरोगी कडबा बैलांना आणि भाकड जनावरांना. त्यावर युरिया प्रक्रिया करता येते : १०० किलो कोरड्या कुट्टीला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून प्लास्टिकखाली हवाबंद ठेवा आणि २१ दिवसांनी उघडा. घालण्याआधी काही तास पसरून ठेवा, म्हणजे उग्र वास उडून जाईल. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ती देऊ नका, आणि युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडाशी येऊ देऊ नका. बुरशीच्या कडब्याला हा उपाय नाही. तो उकिरड्यात किंवा कंपोस्टमध्येच जाऊ द्या.

साखर कारखाने चालू असेपर्यंत उसाचे वाढे मिळते. त्यावर कडबा वाचवणे शहाणपणाचे आहे, पण पूर्ण वाढ्यावर जनावर ठेवू नका. त्यातले ऑक्झलेट शरीरातले कॅल्शियम अडवते. वाढ्याबरोबर थोडा कडबा आणि रोजचे खनिज मिश्रण चालू ठेवा, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडली तरी उपयोग होतो.

आणि एक साधी गोष्ट. सकाळी दवाने ओल्या झालेल्या पेंढ्या ओढून गोठ्यात रचू नका. दुपारी ऊन असताना दुसऱ्या दिवसापुरता कडबा काढून घ्या आणि गंजीचे तोंड पुन्हा झाका.