शब्द कळले पाहिजेत म्हणे!

"व्हायोलिन कसं, गायल्यासारखं वाजलं पाहिजे. शब्द कळले पाहिजेत." हे वाक्य आमच्या घराण्यात (संगीताच्या नव्हे, आडनावाच्या) इतक्या वेळा उच्चारलं गेलंय की आता ते सुविचार म्हणून फळ्यावर लिहायचं तेवढं बाकी आहे. मामा म्हणतात, काकू म्हणते, वर्ध्यातल्या कुठल्याही कार्यक्रमाच्या मध्यंतरात चहा पिताना शेजारचा अनोळखी माणूसही म्हणतो. माझं म्हणणं असं, की या एका वाक्यानं आपल्याकडच्या व्हायोलिनचं बरंच नुकसान केलं आहे. ते कसं, यावर आज जरा सविस्तर भांडायचंय. मामा, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. चहा घेऊनच बसा.

निमित्त अगदी घरगुती. माझी भाची १३ वर्षांची आहे, गेली ५ वर्षं व्हायोलिन शिकते. उन्हाळ्यात सगळे वर्ध्याला जमलो होतो. बाहेर ४६ अंश, आत कूलरची घरघर, आणि त्या घरघरीवर मात करत पोरीनं पागानिनीच्या चोविसाव्या काप्रिसची चाल आणि तिची तीन-चार व्हेरिएशन्स वाजवली. शिकवली कुणी नव्हती. व्हिडिओ थांबवत थांबवत स्वतःच बसवलेली. दोनदा अडखळली, पण बोटं काय पळत होती! संपल्यावर मामा म्हणाले, "कसरत छान झाली बेटा. आता एखादं गाणं वाजव ना बाप्पा, समजंल असं." मग तिनं एक भावगीत वाजवलं. सगळ्यांच्या माना डोलल्या, गोरसपाकाची ताटली फिरली. पुढच्या आठवड्यात वहिनी फोनवर सांगत होती, की ते पागानिनीचं पान पोरीनं वहीतून काढून ठेवलंय.

त्या पानासाठी हे भांडण आहे.

आधी 'कसरत' या शब्दाचं बघू. पागानिनीची २४ काप्रिस १८२० मध्ये छापली गेली. एरवी असल्या वह्या कुठल्यातरी सरदार-उमरावाला अर्पण करायची पद्धत. यानं अर्पण केली 'कलावंतांना'. शेवटच्या काप्रिसमध्ये जेमतेम अर्ध्या मिनिटाची एक चाल आहे, कुणालाही दोनदा ऐकून गुणगुणता येईल अशी. मग तिचीच ११ रूपं आणि शेवट. एका रूपात सगळं दोन-दोन सप्तकांत एकदम, एकात एकाच वेळी दोन सूर तिसऱ्या-दहाव्या अंतरानं, एकात गज बाजूला ठेवल्यासारखा आणि डाव्याच हाताची बोटं तारा छेडताहेत. चाल तीच. चौकट तीच.

आता मला सांगा, हे आपल्याला अनोळखी आहे का? तबल्यातला कायदा घ्या. आधी कायदा मांडायचा, मग त्याच बोलांचे पलटे, बाहेरचा बोल आत येऊ द्यायचा नाही, आणि शेवटी तिहाई. तबलजीनं पंचविसावा पलटा घेतला की आपण "क्या बात है" म्हणतो. त्याला कुणी विचारतं का, बाबा रे, यातले शब्द कुठले? 'धाती धागे' चा अर्थ काय? नाही विचारत. कारण तबला हे तबल्यासारखंच वाजणार हे आपण मान्य केलंय. व्हायोलिनला मात्र ही सवलत नाही. ते बिचारं कायम दुसऱ्याच्या आवाजात बोलणार. तेही नीट बोललं तरच घरात प्रवेश.

दुसरा आक्षेप शर्यतीचा. "ते लोक नुसते एकमेकांवर कुरघोडी करायचे, यात कसली आलीय कला." (हे मामांचं नाही, एका ब्लॉगर मित्राचं आहे. नाव घेत नाही, तो समजून घेईल.) कुरघोडी करायचे हे खरंच आहे. १८१६ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात फ्रेंच वादक लाफों आणि पागानिनी समोरासमोर उभे राहिले. दोघांनी मिळून क्रॉइत्झरची एक रचना वाजवली, आणि एकट्यानं वाजवायच्या जागा आल्या की पागानिनी लिहिलेलं सोडून स्वतःचं काहीतरी घालू लागला. हे खुद्द त्यानंच सांगितलेलं. लाफों मात्र पुढे कित्येक वर्षांनी, आपण हरलो नव्हतो, असं जाहीरपणे सांगत होता.

पण या सगळ्यांत माझा लाडका माणूस वेगळाच आहे. हाइन्रिख विल्हेल्म अर्न्स्ट, मोराव्हियातल्या ब्रनो गावचा. पागानिनीहून तीसेक वर्षांनी लहान. पागानिनी आपल्या रचना छापू देत नसे, हयातीत मोजक्याच छापल्या; छापलं की सगळे वाजवणार, मग आपलं काय राहिलं? तर हा अर्न्स्ट त्याच्या कार्यक्रमांना जाऊन बसायचा आणि कानानं टिपून आणायचा. १८३० च्या सुमाराला फ्रँकफुर्टमध्ये त्यानं पागानिनीचीच न छापलेली व्हेरिएशन्स वाजवून दाखवली, असं सांगतात. १८३७ मध्ये मार्सेयला तर कमाल केली. पागानिनी जिथे उतरला होता तिथे शेजारचीच खोली भाड्यानं घेतली, का, तर त्याचा रियाज ऐकू यावा म्हणून!

चोर म्हणता? मग जरा 'कट्यार काळजात घुसली' आठवा. १९६७ चं नाटक, लेखक आपल्या नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेब झाले होते वसंतराव देशपांडे. त्यातला सदाशिव काय करतो? ज्या घराण्याचं गाणं त्याला मिळणार नाही त्याच घरात नोकर बनून राहतो आणि लपून ऐकतो. तिथे आपल्या डोळ्यांत पाणी येतं. अख्ख्या विदर्भानं त्या नाटकावर जीव टाकला, २०१५ चा सिनेमाही डोक्यावर घेतला. सदाशिव साधक, आणि अर्न्स्ट मात्र कुरघोडी करणारा? हा न्याय मला कळलेला नाही.

आणि आपल्याला स्पर्धेचं वावडं कधी होतं? ८ जुलै १९२१ चा 'संयुक्त मानापमान' घ्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, दोन कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर. पैसे टिळक स्वराज्य फंडाला जाणार होते, पण लोक काय फंडासाठी गेले होते? कोण कुणाला भारी पडतं हे बघायला गेले होते. तीनच महिन्यांत केशवराव वारले, म्हणून तर त्या रात्रीची गोष्ट आजही सांगितली जाते. त्या चढाओढीतून नाट्यसंगीताचं वाईट झालं असं मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही.

वर्ध्यात या वाक्याला आणखी एक धार आहे, ती साधेपणाची. आपलं गाव गांधीजींचं. १९३६ मध्ये ते शेगावला राहायला आले, पुढे त्याचंच सेवाग्राम झालं, आणि तेव्हापासून दिखाऊपणा हा इथे जवळपास गुन्हा आहे. मला हे मनापासून आवडतं. पण साधेपणा आणि कौशल्य यांचं वैर कुणी लावून दिलं? मगन संग्रहालय बघून या. १९३८ मध्ये गांधीजींच्याच हस्ते उघडलेलं. तिथले चरखे नीट निरखून बघा. त्याआधी १९२९ मध्ये चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, त्या काळचे १ लाख! स्पर्धाच ती. आणि बारीक सूत काढणाऱ्या बाईला, "कसरत झाली, आता जाडंभरडं काढ, समजेल असं" असं इथे कुणी म्हणालेलं ऐकिवात नाही. जितका सुताचा नंबर वर तितका मान. मग हाताच्या बोटांचं हे कौतुक चरख्यापाशीच का थांबावं?

आता आपल्या व्हायोलिनची गोष्ट. हे वाद्य मुळात परकं. वाजवणारा मांडी घालून बसला, त्याचं डोकं पायावर टेकवलं, तारा सा आणि प मध्ये लावल्या, तेव्हा ते इथलं झालं. पण मैफलीत त्याला आधी जागा मिळाली ती साथीची. गजाननराव जोशी स्वतः मोठे गवई, त्यांनी व्हायोलिनही तितक्याच तयारीनं वाजवलं. मग व्ही. जी. जोग, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार, तिकडून दक्षिणेतून आलेल्या एन. राजम. पडदे नसलेलं वाद्य, त्यामुळे मींड हवी तशी. गायकी अंग त्याला शोभून दिसलं यात काहीच नवल नाही. परक्या वाद्याला घरात घ्यायचं तर त्याला आपल्यासारखं बोलता आलं पाहिजे, अशी ती परीक्षा होती, आणि या मंडळींनी ती अव्वल दर्जानं पास केली.

पण गायकी अंग म्हणजे शब्द नव्हेत! इथेच सगळा घोळ आहे. राजमबाईंनी ओंकारनाथ ठाकुरांकडून घेतलं ते ख्याल मांडण्याचं वळण, श्वास, ठहराव. दातारांच्या आलापात कुठले आलेत शब्द? आणि जोगसाहेब तर गायकीबरोबर तंतकारीही करत, लयीशी खेळत, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईशी जुगलबंदी करत. ती ध्वनिमुद्रणं ऐका, दोघे एकमेकांना कसे डिवचतात ते. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' घराघरांत पोचलं, आणि त्यांच्या गजातून अक्षरं ऐकू यायची हे अगदी खरं. ते त्यांचं वैशिष्ट्य, कमालीचं अवघड. पण एका माणसाचं वैशिष्ट्य पुढच्या सगळ्या पोरांची अट कशी काय झाली? (तसं बघितलं तर गजाच्या टोकाला 'ळ' आणि 'ल' चा फरक दाखवणं हीसुद्धा कसरतच की. ती चालते, कारण गाणं आपल्या ओळखीचं असतं.)

तिकडे गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरं स्वरलिपी शिकत होती, व्हायोलिनवर हात बसवत होती. त्यातली कितीतरी मुंबईला सिनेमात आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ मध्ये त्यांनी आपल्या रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून मुंबईत कार्यक्रम केले. असली तयारी असलेली माणसं आपल्याकडे होती. आपण त्यांच्याकडून काय करून घेतलं? दोन कडव्यांच्या मधली जागा भरून घेतली. 'अमर अकबर अँथनी' तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते प्यारेलालनी गुरूची आठवण ठेवली म्हणून, पण ते एका खऱ्या माणसाचं नाव आहे हे किती जणांना माहीत असतं? व्हायोलिनसाठी म्हणून, फक्त व्हायोलिनलाच जमेल असं, आपल्याकडे लिहिलं-बांधलं किती गेलं, याचा हिशेब मांडायला बसलं की हाताची बोटंही जास्त होतात.

पोकळ तयारी असते का? असते की. त्या काळात युरोपभर ऑपेरातल्या गाण्यांवर व्हेरिएशन्सचे ढीग रचले गेले, त्यातलं बहुतेक आज कुणी वाजवत नाही आणि वाजवू नये. आपल्याकडेही जुगलबंदीची शेवटची १५ मिनिटं आठवा. सवाल-जवाब, वेग, टाळ्या, आणि घरी जाताना राग कोणता होता ते आठवत नाही. ते मलाही नको. पण ढीग होता म्हणून त्यातून निघालेलं सोनं फेकायचं का? त्या चोविसाव्या काप्रिसच्या चालीवर लिस्टनं लिहिलं, ब्राम्सनं लिहिलं, १९३४ मध्ये रखमानिनोव्हनं लिहिलं. कसरतीवर इतकी मोठी माणसं इतकी वर्षं वेळ घालवतात होय?

आणि मामा, तुमची शब्दांची हौसही अर्न्स्टनं भागवून ठेवली आहे. शूबर्टचं 'अर्लक्योनिग' हे गाणं, वादळी रात्री आजारी पोराला घोड्यावर घेऊन निघालेला बाप, आणि त्या पोराला बोलावणारं भूत. गाणारा एक, पण आवाज चार: निवेदक, बाप, पोरगा, भूत. शिवाय पियानोवर घोड्याच्या टापा. अर्न्स्टनं हे सगळं, टापांसकट, एकट्या व्हायोलिनवर बसवलं. साथीला कुणी नाही. पोराची घाबरलेली हाक, बापाचं धीर देणं, भुताचं ते गोड गोड बोलणं, सगळं वेगवेगळं कळतं. जर्मन येत नसलं तरी कळतं. हे करायला ती 'कसरत' लागते.

शेवटी शेवटी अर्न्स्टला संधिवातानं इतकं ग्रासलं की वाजवणं बंद झालं. नीसला जाऊन राहिला, १८६५ मध्ये तिथेच वारला. त्या शेवटच्या दिवसांत त्यानं एकट्या व्हायोलिनसाठी ६ रचना लिहिल्या, आणि त्या अर्पण कुणाला केल्या? लाउब, सेंतों, योआखिम, व्ह्यूताँ, हेल्मेसबर्गर, बात्झिनी. सगळे व्हायोलिनवादक. सगळे त्याच बाजारात उभे असलेले, त्याचेच प्रतिस्पर्धी म्हणा ना. स्वतःच्या हातानं वाजवता येणार नाही ते लिहिलं आणि त्यांच्या हाती दिलं. सहावी रचना एका साध्या आयरिश गाण्यावरची व्हेरिएशन्स आहे, 'उन्हाळ्यातला शेवटचा गुलाब'. तिच्या एका रूपात गज एक काम करतो आणि डाव्या हाताची बोटं त्याच वेळी तारा छेडत दुसरंच काही वाजवतात. ऐकताना दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं.

साधारण ९-१० मिनिटांची आहे. मामा, तुमच्या फोनवर पाठवली आहे. चाल सुरुवातीला स्वच्छ ऐकू येते, ती मनात धरून ठेवा आणि पुढे ती कुठे कुठे दडते ते शोधत राहा. कूलर बंद करून ऐका. आणि भाची दिवाळीत येतेय, ते वहीतलं पान मी वहिनीकडून मागवून घेतलंय.