चढती वाजते, पडझड कोण वाजवणार?

मुळशी तालुक्यातल्या पौड-पिरंगुट पट्ट्यात वरात निघाली की डीजेवर ‘आरारारा’ आजही हटकून लागतं. प्रणित कुलकर्णी यांचे शब्द, नरेंद्र भिडे यांचं संगीत, आदर्श शिंदे यांचा आवाज. गाणं ज्या चित्रपटातलं, तो प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ नोव्हेंबर 2018मध्ये आला. जमीन विकून बसलेल्या सखारामचा पोरगा राहुल्या गुन्हेगारीत शिरतो, भाई होतो आणि अखेर मारला जातो, ही त्याची गोष्ट. तरुण पोरांना दिलेला तो इशारा होता. वरातीत मात्र भाईचा दरारा तेवढा ऐकू येतो.

असं आधीही घडलंय. 1983च्या ‘स्कारफेस’ या चित्रपटाचं संगीत जॉर्जिओ मोरोडर यांनी सिंथेसायझरच्या बळावर उभं केलं. ‘मिडनाइट एक्स्प्रेस’च्या इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीतासाठी ते आधीच ऑस्कर मिळवून बसले होते. ‘स्कारफेस’मध्ये क्युबातून आलेला टोनी मोंटाना कोकेनच्या धंद्यात वर चढतो आणि गोळ्या खाऊन संपतो. पण जगाने उचलली ती त्याची ऐट. 2001च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 3’ या गेममधलं एक रेडिओ स्टेशन तर या चित्रपटाच्या अल्बममधल्या गाण्यांवर चालतं.

तरीही मोरोडर यांनी एक मोलाची गोष्ट केली. ‘टोनीज थीम’ ही जड, शोकाची धून त्यांनी चढतीच्या गाण्याइतक्याच ताकदीने बांधली. 1996मध्ये मॉब डीप या न्यूयॉर्कच्या रॅप जोडीने तीच धून आपल्या गाण्यात वापरली. टोनीच्या चढतीबरोबर त्याचा विनाशही पुढच्या पिढीच्या कानांवर पडला.

आपल्याकडे ही दुसरी बाजू मुकी राहिली आणि मुळशीत ते जास्त बोचतं. 1921मध्ये सेनापती बापटांच्या सत्याग्रहात इथला शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध जमिनीसाठी उभा राहिला. पुढे हिंजवडीचं आयटी पार्क आलं, लवासा आलं, जमिनींचे भाव चढले, सातबाऱ्यावरची नावं बदलली. विकलेल्या जमिनीचा पैसा संपल्यावर घरात काय होतं, हे तरड्यांनी पडद्यावर दाखवलं. त्या दुःखाची धून डीजेवर चढली नाही.

यात भिड्यांचा दोष नाही. राहुल्याला भुलवणारी झिंग गाण्यात उतरवणं हेच त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी चोख केलं. 10 डिसेंबर 2020 रोजी ते गेले. उरलेलं काम आता नव्या संगीतकारांचं आहे. त्यांना माझं एवढंच मागणं आहे: भाईच्या एन्ट्रीला जेवढा ठेका देता, तेवढाच त्याच्या बापाच्या रिकाम्या हातांनाही द्या. आपली पोरं ठेक्यावरच ऐकतात. इशाराही ठेक्यातूनच द्यावा लागेल.